मेलेल्या बाईची रांगोळी

मी परळला मेले होते आणि लालबागला बसून मला त्याचा पत्ता नव्हता. पाडव्याची दुपार. सून आतल्या खोलीत फराळाचे डबे भरत होती, मी चहाचं आधण ठेवलं होतं, आणि दार वाजलं. वाजलं कसलं, कोणीतरी दोन्ही हातांनी बडवलं. आमच्या चाळीत दार बडवायची पद्धत नाही, सगळ्यांची दारं दिवसभर उघडीच असतात. फक्त आमचं मी लोटून ठेवते. "कोण मेलंय एवढं?" असं ओरडतच मी उघडलं.

दारात माझा भाऊ लवू. शिवडीला राहणारा, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, डोळे सुजलेले. मला बघितलं आणि तो उंबऱ्यावरच खाली बसला. दोन वर्षं ज्याने आमच्या जिन्याला पाय लावला नाही तो भाऊ असा येऊन बसला होता.

"माका वाटला तू गेलंस," तो म्हणाला. लवू घाबरला की मुंबईचं मराठी विसरतो, थेट गावची मालवणी सुरू होते. "गेलंस म्हणान धावत इलंय गो बाय."

"कुठे जातेय मी? तुला कोणी सांगितलं?"

"रांगोळी बघितलंय तुझी."

परळच्या एका शाळेत दिवाळीत रांगोळ्यांचं प्रदर्शन भरतं. ठिपक्यांच्या नव्हेत, माणसांच्या चेहऱ्यांच्या. आमच्याकडची पोरं दिवसच्या दिवस कोपरांवर पडून चिमटीने रंग सोडतात आणि असा चेहरा उठवतात की फोटो झक मारेल. लवू दर दिवाळीत न चुकता जातो. या वर्षी देवादिकांच्या आणि पुढाऱ्यांच्या रांगेत त्याला मी दिसले. खाली नाव नाही, काही नाही. झेंडूची फुलं वाहिलेली, कडेला पणती लावलेली, आणि एक बाई हात जोडून उभी. आता आमच्या लोकांचं असं आहे, एवढा मोठा चेहरा कोणाचा काढला म्हणजे तो एक तर देव, नाहीतर गेलेला. मी देव नाही हे लवूला लहानपणापासून माहीत आहे.

त्याने तिथल्या पोराला विचारलं, ही कोण. पोरगा म्हणाला, असेल कोणाची तरी आजी, गेली असेल. झालं. लवू तिथून जो निघाला तो रस्त्यात पुण्याला लेकीला फोन करून रडला आणि मग आमच्या दारात येऊन पडला.

"अरे मला फोन करायचा," मी म्हटलं.

"कुठल्या तोंडाने करू?" आता त्याचं मराठी ठिकाणावर आलं होतं. "दोन वर्षं बोललो नाही तुझ्याशी."

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की धावपळीत दार उघडताना पदर गालावर ओढायचा राहिलाय. लवूच्याही लक्षात आलं. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि लगेच मान वळवून दारामागच्या कॅलेंडरकडे बघायला लागला, जसं काही उद्याची भाऊबीज आहे की नाही तेच त्याला तपासायचं होतं.

सांगते. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या बाजूने गळायला लागलं. आरशात बघितलं तर तोंड उजवीकडे ओढलेलं, डावा डोळा मिटेना. तोंडावरून वारं गेलं. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं आपोआप सरळ होतं. माझं झालं नाही. गोळ्या झाल्या, शेक झाला, गावचं तेल झालं. मग मी पदर डाव्या गालावरून ओढून कानामागे खोचायला लागले. केस विंचरते तेही आरशाशिवाय. लोक वाईट नाहीत हो. चांगले आहेत, म्हणूनच माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघतात. भाजीवाला वांग्यांकडे बघतो. शेजारीण माझ्या खांद्याकडे बघून "काय मालनताई, बरं आहे ना" म्हणते. मला वाटायचं, माझं तोंड उघडं टाकलं की समोरच्याची कुठे बघू म्हणून पंचाईत होते. तर कशाला टाका.

हे झालं आणि पुढच्याच महिन्यात लवूच्या प्रितीचं लग्न आलं. मी तिची एकुलती एक आत्या. लहानपणापासून म्हणायची, आत्या, मला पहिली हळद तू लावायची. मी गेले नाही. फोनवर सांगितलं, गुडघे धरलेत, जिना उतरवत नाही. बोलताना शब्द जरा घरंगळायचे, तर म्हटलं नवी कवळी बसवलीय, सवय नाही. लवूला वाटलं गावच्या सामाईक घरावरून मी मनात धरून बसलेय, म्हणून मुद्दाम आले नाही. त्याने राग धरला. मी धरू दिला. राग परवडला, म्हटलं, हे बघायला नको.

"हे होतं म्हणून आली नाहीस?" लवू कॅलेंडरला विचारत होता.

मी पदर ओढून कानामागे खोचला.

"मी तुला काय काय बोललो सगळ्यांत. भर मांडवात बोललो, माझी बहीण मला मेली म्हणून." त्याने तोंडावरून हात फिरवला. "आणि आज ते खरं झालं असं वाटलं मला."

मला इतकी लाज वाटली की ती रागातूनच बाहेर पडली. माझं असंच आहे. "ते राहू दे," मी म्हटलं. "आधी सांग, माझं तोंड त्या शाळेत नेऊन आडवं कोणी टाकलं?"

आतून डब्यांचा आवाज थांबला. माझी सून रुपाली दारात येऊन उभी राहिली. "हितेंद्रने काढलीय," ती म्हणाली. हितेंद्र म्हणजे आमच्याच मजल्यावरचा, शेवटच्या खोलीतला. बँकेत असतो, दिवाळीत रांगोळ्या काढतो. "फोटो मी दिला त्याला. निलेशची लुंगी सुटली होती ना त्या दिवशी आणि तुम्ही हसत होतात, तेव्हाचा." निलेश म्हणजे माझा मुलगा, तिचा नवरा.

घरात मी पदर घेत नाही. घर म्हणजे घर. तिथला फोटो काढून हिने गावभर केला.

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असतात."

"म्हणजे कळत होतं ना तुला?"

"आई, त्यात तुम्ही छान दिसता," ती खाली बघून म्हणाली. या मुलीने सासू म्हणून मला कधी दुखावलं नाही. पण त्या क्षणी मला वाटलं, माझ्या अंगावरचं वस्त्र कोणी चव्हाट्यावर ओढलंय आणि वर म्हणतंय की रंग छान आहे. सगळी चाळ बघून आली असणार. परवा सार्वजनिक नळावर बायका माझ्याकडे बघून गप्प झाल्या होत्या, ते आत्ता कळलं.

मी कोपऱ्यातला झाडू उचलला आणि कापडी पिशवीत घातला. दांडा बाहेर राहिला तर राहिला.

"आई, किती दिवस पोटावर पडून काढलीय त्याने. कंबर धरलीय त्याची."

"तोंड माझं आहे. त्याच्या कमरेचं मला काय सांगतेस."

मी जिना उतरले तसा लवू मागून आला. पुलाखालून परळपर्यंत मी पुढे आणि तो चार पावलं मागे. माझे गुडघे ठणठणीत आहेत हे त्याला मागून चांगलं दिसत असणार. त्या विचाराने मला आणखी जोरात चालावंसं वाटलं.

शाळेच्या हॉलमध्ये अंधार केला होता. प्रत्येक रांगोळीवर वरून एकच दिवा, भोवती दोरी. पंखे बंद, सगळे दबक्या आवाजात बोलत होते. मी पदर कानामागे घट्ट खोचला आणि एकेक चेहरा ओलांडत गेले. कोपऱ्यात झेंडू दिसला आणि कळलं, तिथे मी आहे.

खाटेएवढा चेहरा. मी दोन वर्षांत पहिल्यांदा स्वतःला बघत होते, आणि तेही एवढं मोठं. मी हसत होते. तोंड उजवीकडे वर गेलेलं, डावीकडे लोंबतं. डावा डोळा उघडाच, त्याच्या कोपऱ्यात पाणी साचलेलं. ते पाणीही त्याने सोडलं नव्हतं, पांढऱ्या रंगाची टाचणीएवढी चिमूट ठेवली होती. गालावरच्या सुरकुत्या सगळ्या वेगवेगळ्या. हनुवटीवरचा तो एक राठ केस, जो मी बोटाने चाचपून चिमट्याने उपटते, तोसुद्धा होता. मेल्याने काहीच वगळलं नव्हतं. माणसांनी माझ्याकडे न बघण्यासाठी मी काय काय केलं, आणि इथे लोक दोरीला पोट लावून बघत होते.

माझ्या शेजारी दोन बायका होत्या, चांगल्या घरच्या, दादरकडच्या असाव्यात. एक म्हणाली, "किती सुंदर हसतेय गं म्हातारी."

"तोंड वाकडं आहे ना, म्हणून जास्त गोड वाटतं," दुसरी म्हणाली. "बघतच राहावंसं वाटतं."

मला काय झालं कोण जाणे. मी कानामागचा पदर सोडला आणि त्यांच्याकडे वळले. काही बोलले नाही, नुसती वळले. दोघींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ओळख पटली नाही. एकीने पटकन खाली बघितलं. दुसरी माझ्या पिशवीतल्या झाडूकडे बघत हळूच म्हणाली, "मावशी, साफसफाई करायचीय का? आम्ही सरकतो." आणि त्या पुढच्या रांगोळीकडे गेल्या.

खाली जमिनीवर मी गोड होते. उभी राहिले तर झाडूवाली. लाज वाटायला हवी होती त्यांना, वाटली मला. मी पदर परत खोचला, दोरी उचलली आणि आत पाय टाकला.

"काकी."

हितेंद्र भिंतीला पाठ लावून उभा होता. मला बघून त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पण तो आडवा आला नाही. "पुसायचं असेल तर पुसा," तो म्हणाला. "तुमचा हक्क आहे."

"माझंच तोंड सापडलं तुला?"

"सरळ चेहरे सगळेच काढतात, काकी."

"म्हणजे माझ्या वाकड्या तोंडावर तुला बक्षीस मारायचं होतं."

"आधी तसंच होतं," तो म्हणाला. खोटं बोलला असता तर मी त्या क्षणी झाडू फिरवला असता. "मग फोटोवर चौकटी पाडून एकेक चौकट बघत बसलो. तेवढा वेळ मी कोणाच्याच चेहऱ्याकडे बघितलं नाही कधी. बायकोच्यासुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, तुम्हाला विचारायला हवं होतं. म्हणून आलो होतो तुमच्या दारात."

"कधी आला होतास?"

"आलो होतो. तुम्ही समोर उभ्या राहिलात आणि मी मीटरकडे बघून विचारलं, पाणी आलं का. आणि परत गेलो." त्याची मान खाली गेली. "रांगोळीत बघता येत होतं. तुमच्याकडे नाही बघता आलं. मलाच लाज वाटली माझी."

मला आठवलं. रात्रीच्या पाण्याची वेळ नव्हतीच ती. मी मनात म्हटलं होतं, याचं डोकं फिरलंय.

मी झाडू पिशवीतून काढला. लोक थांबून बघायला लागले. एक हात फिरवला असता तर झालं असतं, माझे गाल, डोळे, तो केस, सगळं एका राखाडी ढिगात. तेवढ्यात लवू दोरीजवळ आला. त्याची नजर रांगोळीवर होती, माझ्यावर नव्हती. "बाय, जरा थांब," तो म्हणाला. "जरा बघू दे."

"काय बघतोस तिला?" माझा आवाज चढला. "मी इथे उभी आहे ना. जिवंत आहे. दोन वर्षांनी भेटलास आणि आल्यापासून कॅलेंडर बघतोयस, रस्ता बघतोयस, आता ही भुकटी बघतोयस. मला बघ की रे एकदा."

मी पदर सोडला. लवूने मान वर केली. आधी त्याची नजर माझ्या खांद्यावर गेली, मग कपाळावर, मग एकदाची खाली आली आणि थांबली. त्याने नजर काढली नाही. आणि मग काय झालं सांगू? माझा हात आपोआप वर गेला आणि पदर परत गालावर आला. तो बघत होता, मलाच बघू देता येईना. लोकांना दोष देत मी एवढी चालत आले होते, झाडू घेऊन, आणि माझा सख्खा भाऊ बघायला लागला तर मीच झाकून घेतलं. लग्नालाही हेच. तिथे कोणी मान फिरवायच्या आधीच मी घरात बसले होते. लवूला मी बघायची संधीच दिली नव्हती आणि वर त्याचा राग घालवायची तसदीही घेतली नव्हती.

झाडू मी हितेंद्रच्या हातात दिला. मग वाकून झेंडूची फुलं वेचायला लागले. मी मेलेले नव्हते, फुलांचं तिथे काम नव्हतं. पणती फुंकली. एक पाकळी रांगोळीतल्या हनुवटीवर पडली होती. ती उचलायला गेले तर रंग हलला असता. हितेंद्रने खिशातून टाचणी काढली, श्वास धरून खाली वाकला आणि ती पाकळी टोकावर उचलून घेतली. तोंड जसं होतं तसं राहिलं.

लवूच्या खिशात फोन वाजला. प्रितीचा, व्हिडिओवरचा. तिने रुपालीला फोन करून सगळं विचारून घेतलं होतं, मी जिवंत आहे, झाडू घेऊन परळला गेलेय, सगळं. "बाबा, आत्याला द्या," ती म्हणाली. लवूने फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः बाजूला झाला.

फोनच्या काचेत प्रिती. लग्नानंतर गालाने भरली होती. "आत्या, नीट दिसत नाहीयेस. पदर येतोय मध्ये."

"राहू दे गं. आवाज येतोय ना?"

"येतोय."

मला तेव्हाच सांगून टाकावंसं वाटलं, नाहीतर माझ्याच्याने कधीच झालं नसतं. "प्रिती, तुझ्या लग्नाला माझे गुडघे दुखत नव्हते. तोंडावरून वारं गेलं होतं माझं. तुझ्या फोटोंत असं तोंड नको, तुझ्या सासरच्यांसमोर नको, म्हणून मी आले नाही. बाबा तुझे उगाच रागावले. माझंच सगळं."

प्रितीने फोन तोंडाजवळ घेतला.

"मला माहीत होतं, आत्या," ती म्हणाली. "रुपालीवहिनीने लग्नाच्या आधीच सांगितलं होतं. तू लपवतेस म्हणून मी बाबांना बोलले नाही, तू सांगशील म्हणून थांबले. हळदीच्या दिवशी तासभर कोणाला हात लावू दिला नाही मी. भटजी ओरडत होते. मला वाटत होतं, जिन्यावर आता तुझ्या चपला वाजतील. तू जशी असशील तशी येशील."

मी दोन वर्षं जे झाकत होते ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी ती पोर हळद घेऊन बसून राहिली होती. मी पदर खाली सोडला आणि फोन समोर धरला, तिला सगळं दिसेल असा. रडताना माझा उजवा डोळा मिटला. डावा मिटत नाही. तो तसाच उघडा राहिला, तिच्याकडे बघत.